वाचलं गेलं, पण तुटलं काहीच नाही

७ एप्रिल २०१४ रोजी ओपनएसएसएल या लायब्ररीतला एक दोष जगजाहीर झाला आणि दुरुस्त केलेली आवृत्तीही त्याच दिवशी बाहेर पडली. गूगलच्या सुरक्षा गटातले नील मेहता आणि फिनलंडची कोडेनॉमिकॉन ही कंपनी, या दोघांना तो एकमेकांचा पत्ता नसताना सापडला होता. पुढे तो ‘हार्टब्लीड’ या नावानं ओळखला जाऊ लागला. नेटक्राफ्टच्या मोजणीनुसार सुरक्षित जोडणी देणाऱ्या संकेतस्थळांपैकी सुमारे साडेसतरा टक्के, म्हणजे पाच लाखांच्या घरातली संकेतस्थळं त्या वेळी उघडी होती. सुरक्षातज्ज्ञ ब्रूस श्नायर यांनी धोक्याच्या एक ते दहाच्या पट्टीवर या दोषाला अकरा आकडा दिला. अमेरिकी सरकारच्या नॅशनल व्हल्नरेबिलिटी डेटाबेसमध्ये मात्र ठरलेल्या सूत्रानुसार त्याच दोषाला दहापैकी ५.० गुण मिळाले. म्हणजे मध्यम.

ही तफावत आकडेमोडीच्या चुकीतून आलेली नव्हती. दोष ज्या यंत्रात आहे त्या यंत्राचं काय बिघडलं, असं सूत्र विचारत होतं आणि त्याचं खरं उत्तर ‘फारसं काही नाही’ असंच होतं. सर्व्हर बंद पडला नाही, एकही फाइल बदलली नाही, परक्या माणसाला यंत्राचा ताबा मिळाला नाही. मेमरीचा थोडासा भाग वाचला गेला, एवढंच. डेटाबेसच्या संपादकांनाही हे खटकलं असावं, कारण त्यांनी नोंदीला एक खास टीप जोडली: हे गुण त्या यंत्रावरच्या परिणामापुरते आहेत, फुटलेल्या माहितीचा पुढे जो उपयोग केला जाईल तो यात धरलेला नाही. माझं सगळं म्हणणं या टिपेभोवतीच आहे. माहितीच्या गळतीचं नुकसान गळतीच्या जागी होतच नाही. ते दुसऱ्या यंत्रावर, दुसऱ्या दिवशी, कधी कधी दुसऱ्याच माणसाच्या खात्यात होतं. त्यामुळे दोषाच्या जागेवर उभं राहून मोजलं की माप कमी भरतं आणि माप कमी भरलं की दुरुस्तीही अर्धवट राहते. गेल्या दहा-बारा वर्षांत सिस्टिम सॉफ्टवेअरमधल्या गळत्यांनी हे पुन्हा पुन्हा दाखवून दिलं आहे.

ओपनएसएसएलसारखी लायब्ररी म्हणजे इतर प्रोग्रामांनी वापरायचा तयार कोड. संदेश सांकेतिक करणं, समोरचा सर्व्हर खरा आहे का ते पडताळणं, किल्ल्या तयार करणं ही किचकट कामं प्रत्येकानं नव्यानं लिहू नयेत म्हणून ती एकदाच लिहिली जातात आणि वेब सर्व्हर, मेल सर्व्हर, राउटर, फोन असे सगळे तीच वापरतात. साहजिकच अशा लायब्ररीतला दोष एका कंपनीपुरता राहत नाही. हार्टब्लीडमध्ये अपाचे आणि एनजिनएक्स हे वेब सर्व्हर चालवणारी यंत्रं तर सापडलीच, पण अँड्रॉइडच्या ४.१.१ या आवृत्तीवरचे फोनही सापडले. असा फोन एखाद्या कपटी सर्व्हरला जोडला गेला, की सर्व्हरच उलट फोनची मेमरी वाचू शकत होता. शिवाय लायब्ररी ज्या प्रोग्रामला जोडलेली असते, त्याच्याच मेमरीत वावरते. दोघांच्या मध्ये भिंत नसते. लायब्ररीनं चुकून हद्दीबाहेरचं वाचलं, तर यजमान प्रोग्रामजवळचं सगळं तिच्या हाती लागू शकतं: नुकताच टाइप केलेला पासवर्ड, दुसऱ्याच ग्राहकाची कुकी, सर्व्हरची खासगी किल्ली.

दोष ‘हार्टबीट’ नावाच्या सोयीत होता. दोन यंत्रांमधली जोडणी काही वेळ शांत राहिली, तर ती अजून जिवंत आहे का हे पाहण्यासाठी एक छोटा संदेश पाठवायचा आणि समोरच्यानं तोच मजकूर जसाच्या तसा परत धाडायचा, इतकंच तिचं काम. संदेशाचा पहिला बाइट त्याचा प्रकार सांगतो, पुढचे दोन बाइट मजकुराची लांबी सांगतात, मग मजकूर येतो आणि शेवटी किमान १६ बाइटांची भरती. दोन बाइटांत जास्तीत जास्त ६५,५३५ ही संख्या मावते. समजा, कुणी मजकूर एकच बाइट पाठवला आणि लांबी मात्र ६५,५३५ लिहिली. ओपनएसएसएलचा कोड हा आकडा वाचायचा, तेवढ्या लांबीच्या उत्तरासाठी जागा घ्यायचा आणि आलेल्या मजकुराच्या सुरुवातीपासून तेवढे बाइट उचलून उत्तरात उतरवायचा. त्यातला पहिला बाइट पाठवणाऱ्याचा, आणि पुढचे जवळपास ६४ किलोबाइट म्हणजे त्या क्षणी मेमरीत शेजारी जे पडलं असेल ते. संदेश प्रत्यक्षात किती लांब आला, हा आकडा त्या फंक्शनच्या हाताशी होता. त्याच्याशी ताडून पाहणारी ओळ तेवढी नव्हती. दुरुस्तीत आलेली ओळ म्हणते की एक, दोन, सांगितलेली लांबी आणि सोळा यांची बेरीज आलेल्या नोंदीच्या लांबीपेक्षा जास्त भरली, तर काही न करता परत फिरायचं. ही ओळ येईपर्यंत असा संदेश हवा तितक्या वेळा पाठवता येत होता, त्यासाठी लॉगिन लागत नव्हतं, आणि सर्व्हरच्या नेहमीच्या लॉगमध्ये त्याची नोंदही होत नव्हती.

शेजारी काय पडलेलं असतं, हा यातला खरा प्रश्न. चालता प्रोग्राम मेमरीचे तुकडे मागून घेतो, वापरतो आणि परत करतो, पण परत करताना ते पुसत नाही. भाडेकरू खोली सोडून गेला तरी त्याचे कागद कपाटात तसेच राहावेत आणि नव्या भाडेकरूनं आपलं सामान लावेपर्यंत कुणी त्यांना हात लावू नये, तशी ही व्यवस्था आहे. सी भाषेतलं मॅलॉक हे फंक्शन जागा देतं. जागा साफ करून देण्याची हमी देत नाही. पुसण्याला वेळ लागतो आणि १९७०च्या दशकातल्या यंत्रांवर तो वेळ परवडत नव्हता, हे त्यामागचं कारण समजण्यासारखं आहे. त्या काळी शेजारच्या मेमरीत डोकावणारं परकं कुणी नव्हतंही.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. कुठला तुकडा हाती लागेल हे हल्ला करणाऱ्याच्या हातात नाही, मिळणारा बहुतेक ऐवज निरर्थक बाइटांचा, त्यातून खासगी किल्ली मिळणं म्हणजे निव्वळ नशीब, असं तेव्हा अनेक जाणते लोक म्हणत होते. क्लाउडफ्लेअर या कंपनीच्या अभियंत्यांचाही सुरुवातीचा अंदाज असाच होता. प्रोग्राम सुरू होताना किल्ली मेमरीत लवकर चढते, संदेशांचे तुकडे नंतर वेगळ्या भागात येतात, तेव्हा दोघं शेजारी येणं अवघड, असा त्यांचा तर्क. पण त्यांनी तर्कावर थांबण्याऐवजी एक दोषयुक्त सर्व्हर मुद्दाम उघडा ठेवला आणि ११ एप्रिलला जगाला आव्हान दिलं की याची खासगी किल्ली काढून दाखवा. त्याच दिवशी ती निघाली. नोड जेएस प्रकल्पावर काम करणारे फेदोर इंदुत्नी यांनी सुमारे २५ लाख संदेश पाठवून ती मिळवली. फिनलंडच्या राष्ट्रीय सायबर सुरक्षा केंद्रातल्या एका अभियंत्याला तर सुमारे एक लाख संदेश पुरले.

किल्ली ओळखायची कशी, हे समजून घेतलं की नशिबाचा मुद्दा किती तोकडा आहे ते कळतं. आरएसए पद्धतीत जाहीर किल्लीतली मोठी संख्या दोन मूळ संख्यांच्या गुणाकारानं बनलेली असते, आणि त्यातली एक मूळ संख्या हाती आली की खासगी किल्ली काढणं हे भागाकाराचं काम उरतं. किल्ली २,०४८ बिटांची असेल तर प्रत्येक मूळ संख्या १,०२४ बिटांची, म्हणजे १२८ बाइटांची. म्हणून मिळालेल्या ६४ किलोबाइटांवरून १२८ बाइटांची खिडकी एकेक घर पुढे सरकवत जायचं आणि प्रत्येक खिडकीतली संख्या जाहीर संख्येला नि:शेष भागते का ते पाहायचं. भागलं की काम फत्ते. कचऱ्यातून मोती निवडण्याची परीक्षा इतकी नेमकी असल्यावर कचरा कितीही असला तरी अडत नाही, संगणकाला भागाकारांचा कंटाळा येत नाही. आणि मूळ संख्या तिथे आली कुठून? किल्ली जिथे ठेवली होती तिथून नव्हे. प्रत्येक नव्या जोडणीसाठी गणित करताना लायब्ररी त्या संख्येच्या तात्पुरत्या प्रती बनवत होती आणि काम झाल्यावर त्या न पुसता जागा परत करत होती. क्लाउडफ्लेअरचा तर्क मूळ प्रतीबद्दल बरोबर होता, पण या उरलेल्या प्रती त्यात आल्याच नव्हत्या.

दुसरा आक्षेप पुराव्याचा आहे. हा दोष ओपनएसएसएलच्या कोडमध्ये ३१ डिसेंबर २०११ रोजी आला आणि १४ मार्च २०१२च्या आवृत्तीतून जगभर पसरला. दोन वर्षं तो उघडा होता. तेवढ्या काळात त्याचा वापर झाल्याचा भक्कम पुरावा आहे का? अमेरिकेतल्या काही विद्यापीठांतल्या संशोधकांनी त्याच वर्षी प्रसिद्ध केलेल्या ‘द मॅटर ऑफ हार्टब्लीड’ या अभ्यासात काही नेटवर्कांवर साठवलेली जुनी वाहतूक तपासली. दोष जाहीर होण्यापूर्वीचा व्यापक हल्ला त्यांना आढळला नाही. हे निरीक्षण मी बाजूला सारणार नाही, ते महत्त्वाचं आहे. पण जी वाहतूक साठवली गेली होती तीच तपासता येते, आणि असे साठे मोजक्या संस्थांकडे होते. बाकी लाखो सर्व्हरांबाबत काहीच म्हणता येत नाही. एखादी फाइल बदलली गेली असती, तर ती बदललेली फाइल मागे राहिली असती. वाचण्यानं मागे काही राहत नाही. त्यामुळे ‘पुरावा नाही’ या दोन शब्दांचा अर्थ इथे नेहमीपेक्षा खूप कमी आहे आणि कुठल्याही सर्व्हरच्या चालकाला आपली किल्ली गेली नाही असं त्यावरून ठरवता येत नव्हतं. दोष जाहीर झाल्यानंतर काय घडलं ते मात्र नोंदलेलं आहे. जेमतेम दिवसभरात हल्ले दिसू लागले. कॅनडाच्या महसूल खात्यानं ८ एप्रिललाच आपल्या ऑनलाइन सेवा बंद केल्या, तरी तोवर सुमारे ९०० करदात्यांचे सामाजिक विमा क्रमांक कुणीतरी काढून नेले होते. हे काम सहा तासांच्या अवधीत झालं होतं आणि कर भरण्याची मुदत खात्याला पुढे ढकलावी लागली.

याच अभ्यासातली दुसरी मोजणी मला अधिक अस्वस्थ करते. जी संकेतस्थळं दोषयुक्त होती त्यांतल्या ७३ टक्क्यांनी दुरुस्त आवृत्ती बसवली. प्रमाणपत्र, म्हणजे आपली जाहीर किल्ली आपलीच असल्याचा दाखला, महिन्याभरात नव्यानं घेणारी मात्र फक्त १० टक्के होती. त्यातही १४ टक्क्यांनी नवं प्रमाणपत्र जुन्याच किल्लीवर घेतलं. दुरुस्त आवृत्ती पुढची गळती थांबवते, पण आधी बाहेर गेलेल्या किल्लीला काहीही करत नाही. ती चोरीला गेली असेल, तर दुरुस्तीनंतरही त्या संकेतस्थळाचं सोंग घेता येतं. ज्यांनी जुनी सांकेतिक वाहतूक साठवून ठेवली असेल, त्यांना ती त्या काळच्या बऱ्याच जोडण्यांबाबत उलगडताही येत होती. ही माणसं बेफिकीर होती असं मला वाटत नाही. दोष म्हणजे कोडमधलं भोक, भोक बुजलं की काम संपलं, ही आपली सवय आहे, आणि भोकातून आत येण्याच्या दोषांबाबत ती बऱ्याच अंशी चालूनही जाते. गळतीत काय बाहेर गेलं याचा हिशेब वेगळा करावा लागतो, आणि तो करायला कुणी सांगितलेलं नसतं.

गळतीत नेहमी गुपितंच जातात असंही नाही, कधी कधी नुसता नकाशा जातो. मेमरीत नेमकं कुठे काय आहे हे ठाऊक असेल, तर दुसऱ्या एखाद्या दोषाच्या आधारे प्रोग्रामला भलत्या जागी वळवता येतं. हे अवघड व्हावं म्हणून २००१ साली पॅक्स या लिनक्सवरच्या सुरक्षा प्रकल्पानं प्रत्येक वेळी लायब्रऱ्यांच्या जागा यदृच्छेनं हलवण्याची युक्ती आणली. पुढे ओपनबीएसडी आणि विंडोज व्हिस्टा या ऑपरेटिंग सिस्टिमांनीही ती घेतली, आणि आज ती जवळपास सगळीकडे आहे. पण लायब्ररी हलते ती अखंड हलते, तिच्या आतल्या फंक्शनांमधली अंतरं बदलत नाहीत. म्हणून त्या लायब्ररीतला कोणताही एक पत्ता, आठ बाइटांचा एकच पॉइंटर, फुटला की एक वजाबाकी करून सगळ्यांचे पत्ते कळतात. आजचे बरेच गंभीर हल्ले असे दोन पायऱ्यांचे असतात: आधी गळती, मग ताबा. गुणांकनात मात्र दोन्ही दोष वेगवेगळे मोजले जातात आणि पहिला किरकोळ ठरतो. ‘यातून फक्त एक पत्ता दिसतो’ या शेऱ्यानिशी असे दोष दुरुस्तीच्या रांगेत मागे पडतात.

हार्टब्लीडपासून सगळे शहाणे झाले, आता हा इतिहास आहे, असं कुणी म्हणेल. त्यांच्यासाठी सिट्रिक्सच्या नेटस्केलर या उपकरणातल्या २०२३च्या दोषाकडे पाहू. मोठ्या कंपन्यांमध्ये कर्मचारी बाहेरून आत शिरतात ते अशा उपकरणांच्या दारातून. लॉगिनसंबंधीची माहिती देणारं एक पान हे उपकरण तयार करत होतं आणि त्यात विनंतीतलं यजमानाचं नाव पुन्हा पुन्हा घातलं जात होतं. मजकूर तयार करण्यासाठी सी भाषेतलं एसएनप्रिंटएफ हे फंक्शन वापरलं होतं. हे फंक्शन दिलेल्या जागेबाहेर लिहीत नाही, म्हणून ते सुरक्षित मानलं जातं, आणि लिहिण्यापुरतं ते खरंच सुरक्षित आहे. पण ते जो आकडा परत देतं तो लिहिलेल्या अक्षरांचा नसतो. जागा पुरेशी असती तर किती अक्षरं लिहिली गेली असती, याचा असतो. जागा १,३१,०७२ बाइटांची होती. हल्ला करणाऱ्यानं यजमानाचं नाव हजारो अक्षरांचं दिलं, मजकूर जागेपलीकडे वाढला, फंक्शननं लिहिणं वेळेवर थांबवलं आणि मोठा आकडा परत दिला. कोडनं तोच आकडा ‘इतके बाइट पाठव’ म्हणून वापरला. पुढच्या मेमरीत लॉगिन झालेल्या लोकांची सत्र-टोकनं होती. टोकन म्हणजे ‘या माणसाची ओळख पटलेली आहे’ असं सांगणारा तुकडा, तो ज्याच्या हाती त्याला पासवर्डही लागत नाही आणि फोनवर येणारा कोडही लागत नाही. दुरुस्ती १० ऑक्टोबरला आली, हल्ले ऑगस्टपासून चालू असल्याचं पुढे उघड झालं, आणि दुरुस्ती बसवल्यावरही चोरलेली टोकनं चालतच राहिली, कारण चालू सत्रं कुणी तोडली नव्हती. कॉमकास्ट या अमेरिकी कंपनीनं सुमारे ३ कोटी ५८ लाख लोकांची माहिती यातून गेल्याचं जाहीर केलं, आणि बोइंगच्या सुट्या भागांच्या विभागातही हल्लेखोर याच दारानं शिरले. या दोषाला खुद्द उत्पादकानं ९.४ गुण दिले होते, डेटाबेसच्या सूत्रानं दिले ७.५. नऊ वर्षांत सूत्राची आवृत्ती बदलली होती, तरी ते दोषाच्या जागेवर उभं राहूनच मोजत होतं.

मग चूक कोणाची? प्रोग्रामरनं नीट लक्ष द्यायला हवं होतं, हे उत्तर सर्वांत आधी पुढे येतं आणि मला ते सर्वांत कमी उपयोगाचं वाटतं. हार्टबीटचं जे अधिकृत विवरण फेब्रुवारी २०१२मध्ये प्रसिद्ध झालं, त्यात सांगितलेली लांबी प्रमाणाबाहेर असेल तर संदेश गुपचूप टाकून द्यावा, असा नियम स्पष्ट शब्दांत आहे. ज्यानं कोड लिहिला तो या विवरणाच्या लेखकांपैकीच एक होता. नियम त्याला माहीत होता आणि तरी ओळ सुटली, तपासणाऱ्याच्या नजरेतूनही सुटली. माणूस जाणकार आहे आणि नियम माहीत आहे, एवढ्यानं भागत नाही, याचा याहून स्पष्ट पुरावा क्वचितच मिळेल. मुक्त कोड हजारो डोळ्यांखालून जातो, असंही म्हटलं जातं. ओपनएसएसएल चालवणाऱ्या संस्थेला त्या काळी वर्षाकाठी देणग्यांतून सुमारे २,००० डॉलर मिळत आणि पूर्ण वेळ काम करणारा माणूस जवळपास एकच होता. कोड सगळ्यांना दिसत होता, वाचण्याचं काम मात्र कुणाच्याच पगारात धरलेलं नव्हतं. हार्टब्लीडनंतर तीन आठवड्यांच्या आत लिनक्स फाउंडेशननं मोठ्या कंपन्यांना एकत्र आणून अशा पायाभूत प्रकल्पांसाठी निधी उभा केला. तो आधी का उभा राहिला नाही, याचं उत्तर त्या कंपन्यांनीच द्यायला हवं. फुकट मिळणाऱ्या त्या लायब्ररीवर त्यांचा सगळा व्यवसाय उभा होता.

माणसांच्या नजरेपेक्षा यंत्राची तपासणी इथे जास्त कामाची ठरते. प्रोग्रामला वेडेवाकडे संदेश भरवत राहायचं आणि हद्दीबाहेरचा एक बाइट जरी वाचला गेला तरी प्रोग्राम तिथल्या तिथे थांबावा अशी पहारेदारी बसवायची, ही पद्धत तेव्हाही उपलब्ध होती. २०१५मध्ये हानो बॉक यांनी दाखवून दिलं की या पद्धतीनं हार्टब्लीड सुमारे सहा तासांत आपोआप सापडतो. पहारेदारी महत्त्वाची आहे, कारण एरवी हद्दीबाहेर वाचूनही प्रोग्राम सुरळीत चालतो आणि चाचणी पास होते. ओपनएसएसएलमध्ये तर दोष झाकणारी आणखी एक गोष्ट होती. काही जुन्या यंत्रणांवर मॅलॉक मंद आहे म्हणून लायब्ररीनं परत आलेले तुकडे स्वतःच्याच यादीत ठेवून पुन्हा वापरण्याची सोय केली होती. त्यामुळे ओपनबीएसडीसारख्या यंत्रणेत परत केलेल्या मेमरीला हात लावताच प्रोग्राम पाडणारं जे संरक्षण होतं, ते वळसा घालून टाळलं जात होतं. ही यादी बंद करून पाहिली तेव्हा लायब्ररीच चालेनाशी झाली, कारण तिच्यात दुसऱ्या एका ठिकाणी परत केलेला तुकडा पुन्हा वाचला जात होता आणि यादीमुळेच ते आजवर खपून गेलं होतं. ओपनबीएसडीच्या मंडळींनी यानंतर स्वतःची वेगळी आवृत्ती, लिब्रेएसएसएल, सुरू केली.

भाषाच बदला, हा अलीकडचा सल्ला. रस्टसारख्या भाषेत हद्दीबाहेर वाचायला गेलं की प्रोग्राम थांबतो, सर्व्हर पडतो, आणि मला ते शंभर वेळा पसंत आहे, कारण पडलेला सर्व्हर निदान कळतो. हद्द तपासणं ही काही नवी कल्पना नाही. टोनी होर यांनी १९८०च्या ट्युरिंग पुरस्कार भाषणात सांगितलं होतं की त्यांच्या अल्गॉल कम्पायलरमध्ये अशी तपासणी १९६०च्या दशकातच होती, आणि ती बंद करण्याचा पर्याय हवा का असं विचारल्यावर ग्राहकांनी एकमुखानं नको म्हटलं होतं. तरीही रस्टनं सगळं भागेल असं नाही. एकच बफर अनेक ग्राहकांसाठी पुन्हा पुन्हा वापरला आणि आधीचा मजकूर न पुसता सांगितलेल्या लांबीवर विश्वास ठेवला, तर हद्दीच्या आत राहूनही आधीच्या ग्राहकाचा मजकूर पुढच्याला जाऊ शकतो. भाषेच्या दृष्टीनं त्यात काहीच चुकलेलं नसतं.

म्हणून पुसण्याकडे परत यावं लागतं, आणि तेही दिसतं तितकं सरळ नाही. पासवर्ड वापरून झाल्यावर प्रोग्रामर त्या जागी शून्यं भरतो. कम्पायलर पाहतो की ही जागा यानंतर कुणी वाचत नाही, तेव्हा शून्यं भरणं वायफळ आहे, आणि वेग वाढवण्यासाठी तो ती ओळच काढून टाकतो. सी भाषेच्या नियमांत हे बसतं. वाचणारा परका असू शकतो ही शक्यता त्या नियमांना माहीतच नाही. यावर उपाय म्हणून ओपनबीएसडीनं २०१४मध्ये कम्पायलरला काढता न येणारं पुसणारं फंक्शन दिलं, लिनक्सवरच्या जीलिबसी या मूळ लायब्ररीत ते २०१७मध्ये आलं, आणि सी भाषेच्या अधिकृत प्रमाणात त्याचा भाऊबंद यायला सी२३ ही आवृत्ती उजाडावी लागली. २०१९पासून लिनक्सच्या गाभ्यात मेमरी देताना किंवा परत घेताना आपोआप शून्यं भरण्याचा पर्याय आहे, आणि अँड्रॉइड ११पासून यंत्रणेतल्या सी आणि सी++ प्रोग्रामांना मिळणारी मेमरी साफ होऊनच मिळते. वेग कमी होतो, हा आक्षेप खरा आहे, पण आजचे प्रोसेसर शून्यं भरण्यात पटाईत आहेत. जिथे तो खर्च खरोखर जाणवतो त्या मोजक्या जागा वगळायला प्रोग्रामरला लावावं आणि बाकी सगळीकडे पुसणं हाच रिवाज असावा, असं माझं मत आहे. आजवर उलट होतं: पुसायचं असेल त्यानं लक्षात ठेवून पुसावं.

हे सगळं केलं तरी गळत्या होणार, आणि त्यांतल्या कित्येक कुणाला कळणारही नाहीत. हे धरून चालणारे उपायही आता रुळले आहेत आणि ते मला सर्वांत प्रामाणिक वाटतात, कारण त्यांनी नुकसान दुसऱ्या वेळी होतं हे मान्य केलं आहे. ऑगस्ट २०१८मध्ये सुरक्षित जोडणीचं टीएलएस १.३ हे प्रमाण आलं आणि त्यानं आरएसए किल्लीनं थेट गुपित पाठवण्याची जुनी पद्धत काढूनच टाकली. आता प्रत्येक जोडणीसाठी तात्पुरती किल्ली तयार होते, त्यामुळे सर्व्हरची कायमची किल्ली पुढे कधी फुटली तरी आधी साठवलेली वाहतूक तिच्या जोरावर उलगडता येत नाही. प्रमाणपत्रांचं आयुष्यही उतरत आलं आहे. २०१४मध्ये ती पाच-पाच वर्षांची मिळत, आणि चोरी झाल्याच्या शंकेनं रद्द केलेलं प्रमाणपत्र अनेक ब्राउझर नीट तपासतही नसत. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था २०१५पासून ९० दिवसांचीच प्रमाणपत्रं देऊ लागली, २०२०मध्ये सगळ्यांसाठी ३९८ दिवसांची कमाल मर्यादा आली, आणि एप्रिल २०२५मध्ये प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था व ब्राउझर यांच्या सामाईक मंचानं २०२९पर्यंत ती टप्प्याटप्प्यानं ४७ दिवसांवर आणायचं ठरवलं. चोरी झालेली कळो वा न कळो, ती किल्ली जुन्या प्रमाणपत्रासकट दीड महिन्यात निरुपयोगी व्हावी, असा हा हिशेब आहे, अर्थात नवं प्रमाणपत्र घेताना किल्लीही नवी घेतली तरच. नेटस्केलरमधून गेली तशा सत्र-टोकनांसाठी असा कोणताही सामाईक नियम अजून नाही. ती किती काळ चालावीत, हे ज्यानं त्यानं आपापल्या सर्व्हरच्या सेटिंगमध्ये ठरवायचं असतं.